दोन अंगठे कमी

मळीवाडीत नाथाजी होवाळाला लोक पाठीमागे ‘कायदा’ म्हणायचे. “कायदा आला बघ”, “कायद्याला इचार”, “आज कायद्यानं इस्त्री केल्याली दिसत न्हाई”. यातली शेवटची थट्टा साफ खोटी होती, कारण इस्त्री तो रोज करायचा. पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरून खाकी सदऱ्याच्या बाह्यांना कडक घडी पाडल्याशिवाय तो घराबाहेर पाऊल टाकत नसे. सतरा वर्षं त्यानं पलटणीत काढली होती, तीही नद्यांवर पूल टाकणाऱ्या तुकडीत. चौसष्ट साली पेन्शन घेऊन गावी आला तेव्हा त्याच्याबरोबर एक लोखंडी ट्रंक होती, पिंढरीत एक जुनं दुखणं होतं आणि एक खोड होती. कुणी काही करू नको म्हणालं की तो शांतपणे विचारायचा, “कुठं लिवल्यालं हाय?”

ही खोड आमच्या भागात फार महाग पडते. इथं जे खरोखर चालतं ते कुठंच लिहिलेलं नसतं. बौद्धवस्तीतल्या माणसानं वरल्या आळीच्या आडावर जायचं नाही, चहाच्या हॉटेलात त्याची कपबशी मागच्या खांबाला वेगळी ठेवायची, चावडीत त्यानं पायरीवर बसायचं, यातलं एक अक्षर कुठल्या दप्तरात सापडायचं नाही. लिहिलेलं सगळं याच्या उलट होतं. छप्पन्न साली वस्तीनं धर्म बदलला, देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, आणि तेव्हापासून वस्ती मान वर करून चालायला लागली, पण हॉटेलातली कपबशी होती तिथंच राहिली. नाथाजीनं ती एकदाच बघितली. नंतर त्यानं त्या हॉटेलाचा चहा कधी घेतला नाही आणि हॉटेलवाल्यानं बोलावलं तरी रस्त्यावरूनच सांगितलं, “तुमचा चा ग्वाड आसंल, पर मला कडू लागतोय.”

गाव कृष्णेच्या वळणावर आहे. वरली आळी उंचवट्यावर, बौद्धवस्ती उताराला, आणि खाली नदीपर्यंत काळीभोर मळी, म्हणजे पुरानं गाळ आणून टाकलेलं रान. पूर आला की पहिलं पाणी बौद्धवस्तीच्या उंबऱ्याला लागतं. पूर्वी गावात होडी नव्हती. गुऱ्हाळावर ज्या काहिलीत उसाचा रस आटवतात, ती लोखंडी काहील पुरात ढकलायची आणि दोघातिघांनी फळ्यांनी वल्हवत माणसं काढायची, अशी रीत. काहील सरळ म्हणून कधी जात नाही, ती गरागरा फिरत जाते, पण बुडत नाही.

एकसष्टच्या पुरात काहिलीनं आधी मळीतली माणसं काढली आणि मग वस्तीकडं वळायच्या वेळी काठावर खल सुरू झाला. काहिलीत गूळ शिजतो, तो गूळ सांगलीच्या पेठेत जातो, देवाला जातो, मग तिच्यात ‘त्यांना’ कसं बसवायचं? अर्धा तास हा खल चालला. शेवटी काहील गेली, नाही असं नाही. पण तोवर नाथाजीची चुलती सुलाबाई घराच्या भिजलेल्या मातीच्या धाब्यावरून घसरून पाण्यात गेली होती. नाथाजी तेव्हा पलटणीत होता. त्याला पत्रानं कळलं, आणि पत्रात खलाचाही उल्लेख होता.

म्हणून पासष्टच्या उन्हाळ्यात तालुका कचेरीनं नदीकाठच्या गावांसाठी स्वयंसेवकांची पूरबचाव पथकं काढायची ठरवली आणि मळीवाडीला एक लाकडी होडी दिली, तेव्हा सगळ्यात आधी नाव नोंदवायला कोण गेलं हे सांगायला नको. तसं त्यानं पहिलं नाव दिलं असलं तरी गावानं त्याला शेवटी घेतला. आधी सरपंच हिंदुरावांचा पुतण्या कृष्णात नावाडी व्हायला निघाला. गडी अंगानं दांडगा, पट्टीचा पोहणारा. पहिल्याच सरावात डोहाजवळच्या भोवऱ्यानं होडीचं तोंड फिरवलं आणि कृष्णात तीन मैल खाली दुसऱ्या गावच्या घाटाला लागला. संध्याकाळी तो बैलगाडीतून परत आला, होडीसकट, आणि म्हणाला, “त्या नाथ्यालाच द्या. त्येच्या बापाची न्हाई ती नदी, पर त्येला कळती.”

नाथाजीला नदी कळायची हे खरंच. भोवऱ्याच्या कडेकडेनं वल्हं नुसतं धरून ठेवायचं, मारायचं नाही, हे त्याला पलटणीनं शिकवलं होतं. पण नुसतं कळून चालत नव्हतं. कचेरीनं होडीबरोबर एक छापील पत्रक पाठवलं होतं. त्यात नावाड्याच्या शिक्षणाचे आणि प्रवाशांचे नियम होते. नाथाजीनं ते तीनदा वाचलं, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं, आणि तोंडपाठ केलं.

पहिल्या बारा फेऱ्या मोकळ्या करायच्या, होडीत पथकाबाहेरचा माणूस घ्यायचा नाही. मग प्रवासी घेऊन दहा फेऱ्या, एका फेरीला एक प्रवासी. हे दहा प्रवासी गावच्या पाचही वस्त्यांतून प्रत्येकी दोन असावेत, नावाड्याच्या घरचे नसावेत, वयात आलेले असावेत. प्रवासी ‘स्वखुशीने’ बसत असल्याचं त्याला सर्वांसमक्ष विचारावं आणि मग वहीत त्याची सही किंवा अंगठा घ्यावा. हे झालं की दाखला, आणि दाखला मिळेपर्यंत होडी एरवी साखळीला. पण खरी मेख सातव्या नियमात होती. होडी उलटली तर माणूस तरंगावा म्हणून प्रत्येकाच्या पाठीला एक डबा बांधायचा. रॉकेलचे रिकामे डबे झाळून बंद केलेले, पोरं पोहायला शिकताना बांधतात तसेच. आणि तो डबा ‘नावाड्याने प्रवाशाच्या अंगास स्वहस्ते बांधावा व गाठ ओढून पाहावी’.

कचेरीत बसून ज्यानं हा ‘स्वहस्ते’ लिहिला, त्याला बिचाऱ्याला कल्पनाही नसेल की आपण काय लिहिलं.

बारा मोकळ्या फेऱ्या नाथाजीनं आठ दिवसांत संपवल्या. प्रवासीही यायला लागले. बौद्धवस्तीतले दोघं तर पहिल्याच दिवशी हजर. मुलाण्यांची दोन माणसं आली, धनगरवस्तीवरचे दोघं घोंगडीसकट आले आणि घोंगडी काढायला तयार होईनात. माळवाडीतले दोघं जरा खाकरले, एकमेकांकडं बघितलं, पण बसले. आठ अंगठे झाले. राहिले वरल्या आळीचे दोन.

वरल्या आळीला त्या महिन्यात एकाएकी फार आजार झाले. कुणाची कंबर धरली, कुणाला पाण्याची घेरी यायला लागली, कुणाचा उपास निघाला. बायकांची सबब तयारच होती, परक्या गड्यानं अंगाला हात कसा लावायचा? पण माळवाडीची बाई बसली होती, तिचा नवरा काठावर उभा राहून बघत होता, आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं. नाथाजी रोज सकाळी नऊ वाजता होडीशेजारी उभा राहायचा, अकराला वहीत ‘प्रवासी आले नाहीत’ असं लिहायचा आणि घरी जायचा. महिनाभर त्यानं हे केलं. त्या वहीची पानं बघितली तर माणसाला चीड येते, इतकं अक्षर वळणदार आहे.

शेवटी हिंदुराव घाटावर आले. माणूस वाईट नव्हता. साठीचा, तीस एकर उसाचा धनी, गावात शाळा आणली, रस्ता आणला. भांडण नको, एवढंच त्यांचं राजकारण.

“नाथा, तोडगा काढलाय गड्या,” ते म्हणाले. “आमच्या आळीतलं दोघं बसतील. फकस्त डबा आमचा कृष्णात बांधंल. तू होडी चालीव. काम झालं का न्हाई?”

“सरपंच, सातवा नियम काय म्हंतोय?”

“आरं, कोण बघाय येतंय?”

“मी हाय की बघाय,” नाथाजी म्हणाला. “उद्या पुरात माणूस बुडाला तर गाठ कुणाची ते मला सांगावं लागंल. दुसऱ्याच्या गाठीवर मी माणूस नेणार न्हाई.”

“हे गाठीचं न्हवं, नाथा. तू उगं येगळं काढतूयास.”

“मी काय काढलंय? मी छापल्यालं वाचतोय. येगळं तुमी काढताय.”

हिंदुराव लालबुंद झाले आणि निघून गेले. नाथाजीनं त्या दिवशीही अकराला वहीत लिहिलं.

श्रावणात पूर आला. सकाळी आठला पाणी मळीत शिरलं आणि दहापर्यंत मळीतला बनुबाईचा गोठा बेट होऊन बसला. बनुबाई म्हणजे हिंदुरावांच्या भावकीतली सत्तरीची विधवा, जिभेला हाड नसलेली, आणि आपल्या म्हशींना सोडून कुठंही न जाणारी. तिच्याबरोबर दोन सुना आणि वरल्या आळीचे आणखी आठ जण त्या गोठ्याच्या पत्र्यावर चढून बसले होते. होडी पिंपरणीच्या झाडाला साखळीनं बांधलेली, साखळीला पंचायतीचं कुलूप, आणि किल्ली हिंदुरावांच्या कनवटीला. दाखला नसलेल्या नावाड्यानं शिक्षणाच्या फेरीबाहेर माणूस नेला तर गुन्हा, हे पत्रकात स्पष्ट होतं.

हिंदुराव किल्ली घेऊन धापा टाकत पळत आले. मनात धाकधूक होती, की हा कायदा आता पत्रक काढून वाचायला लागतो की काय. ते पोचले तेव्हा कुलूप चिखलात पडलं होतं, शेजारी पहार पडली होती आणि होडी पाण्यात निघाली होती. आपल्या वस्तीतली माणसं अंजनानं, म्हणजे नाथाजीच्या बायकोनं, शाळेत नेऊन बसवली आहेत एवढी खात्री करून नाथाजी सुटला होता.

तीन फेऱ्यांत त्यानं अकराही माणसं आणली. पत्र्यावर गुडघे टेकून एकेकाला डबा बांधला, गाठ ओढून बघितली, मगच होडीत घेतलं. दुसऱ्यानं बांधावा असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. एकानं तर आपणहून पाठ पुढं केली. बनुबाईला बांधताना तिनं डोळे गच्च मिटून घेतले आणि पाय काठाला लागेपर्यंत उघडले नाहीत. तिची एक म्हैस गेली, बाकीच्या पोहत आल्या. काठावर कुणीतरी नाथाजीला घोंगडं पांघरलं आणि हिंदुरावांनी सगळ्यांसमोर त्याला रामराम घातला. त्यानं जय भीम केला. पिंढरी ठणकत होती, पण तो खूश होता. खोटं कशाला सांगा, त्याला वाटलं, झालं, हे एवढ्यानं मिटलं.

पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी अंजना माळवाडीत शेण आणायला गेली होती, ती ऐकून आली. पुरातून आलेल्या माणसांनी घरी जाऊन आधी काय केलं, तर अंगणात बसून डोक्यावरून गोमूत्र घेतलं. अकराच्या अकरा जणांनी. बनुबाईनं तर नेसूचं लुगडंही फेकून दिलं म्हणे.

नाथाजी सदऱ्याला इस्त्री करत होता. त्यानं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाला, “आगं, म्हंजी म्या आणल्याली माणसं पुन्यांदा धुवून घेतली त्येंनी.” आणि हसला. ते हसणं अंजनाला आवडलं नाही.

पंधरा दिवसांनी तालुक्याचे अव्वल कारकून लालासाहेब आले. सरळ माणूस, जरा घाईचा. त्यांनी आनंदानं वही उघडली. “होवाळ, तुमचं काम झालं. विनादाखला फेरीची चौकशी वरून माफ झाली. आणि वरल्या आळीचे दोनच प्रवासी कमी होते ना? तुम्ही अकरा आणलेत. यातल्या दोघांचे अंगठे घेतो आणि आजच दाखला लिहितो.”

पंचायतीत सगळे बसले होते. नाथाजी उठून उभा राहिला.

“नको साहेब.”

“काय नको?”

“त्या फेऱ्या माझ्या शिक्षणात धरू नका. नियमात ‘स्वखुशीने’ हाय. पुरात कोन स्वखुशीनं बसतंय? पाणी नाकात गेल्यावर माणूस सापाची शेपटीबी धरतंय. तवा धरल्याला हात मी अंगठ्यात मोजणार न्हाई. उघडीप आसताना, ऊन पडल्यालं आसताना, आपल्या पायानं दोघं जण येऊ द्यात. मी डबा बांधीन. मगच लिवा.”

लालासाहेबांना आधी वाटलं तो चेष्टा करतोय. मग ते चिडले. दाखला असलेला नावाडी नसेल तर होडी ठेवता येत नाही, माघ संपेपर्यंत दोन अंगठे आले नाहीत तर होडी खालच्या गावाला द्यावी लागेल, असं त्यांनी तिथंच लिहून दिलं. नाथाजीनं तो कागदही घडी घालून खिशात ठेवला.

आता सांगा, हे शहाणपण की येडेपण? वस्तीचं मत येडेपणाचं पडलं. आणि वस्तीचं काय चुकलं? होडी गेली तर पहिलं पाणी त्यांच्याच उंबऱ्याला लागणार होतं. अंजना गप्प बसणारी बाई नव्हती.

“आवं, तुमचा इसाळ, तुमचा राग ऱ्हाऊद्या बाजूला,” ती म्हणाली. “होडी गेली तर पुढच्या पुरात मी पोरींना घिऊन कुटं जाऊ? पुन्यांदा त्या काहिलीची वाट बघू? सुलाआत्तीवानी?”

नाथाजीला हे लागलं. फार लागलं. रात्रंदिवस तोच विचार त्याच्याही डोक्यात होता. तरी तो म्हणाला, “अंजना, होडी हितं ऱ्हायली आन् मी त्येंच्या लेखी वल्ह्याचा दांडाच ऱ्हायलो, तर सुलाकाकी गेली त्या दिवसात आन् आजच्यात फरक काय? पूर आला की मी माणूस, वसरला की न्हाई? आसलं मला न्हाई जमायचं.”

“मग आमी बुडायचं?”

अंजनानं भाकरीची ताटली त्याच्यापुढं सरकवली, ती जरा जोरानंच. पुढं आठ दिवस ती कामापुरतंच बोलली. नाथाजी मात्र रोज नऊला घाटावर जाऊन उभा राहायचा. दसरा गेला, दिवाळी गेली, मळीत हरभरा फुलला. वही त्याच त्या वळणदार अक्षरानं भरत गेली. वरल्या आळीतही आता कुजबुज होती. होडी जावी असं कुणालाच वाटत नव्हतं, सगळ्यांची रानं मळीत होती. फक्त पहिल्यानं कुणी जायचं, हा प्रश्न होता. जो तो दुसऱ्याच्या दाराकडं बघत होता.

माघातल्या अमावस्येला दुपारी लालासाहेब खालच्या गावाच्या दोन बैलगाड्या आणि सहा माणसं घेऊन आले. सगळं गाव घाटावर जमलं. लालासाहेबांनी वही उघडली, आणि रीत म्हणून मोठ्यानं विचारलं, “वरल्या आळीतून स्वखुशीनं कोणी प्रवासी?”

कुणी हललं नाही. हिंदुराव पुढं झाले, म्हणाले, “साहेब, डबा कृष्णातनं बांधला तर...”

“स्वहस्ते,” लालासाहेब म्हणाले. त्यांनाही आता त्या शब्दाचा अर्थ कळला होता.

नाथाजी होडीशेजारी ताठ उभा होता. आतून तो पार ढासळला होता. अंजना वरच्या पायरीवर होती, तिच्याकडं बघायची त्याची छाती होईना. खालच्या गावच्या माणसांनी होडीचा दोर सोडायला घेतला.

तेवढ्यात पायऱ्यांवर काठी वाजली. बनुबाई उतरत होती, आणि उतरता उतरता आळीतल्या गड्यांना शिव्या देत होती. “सा महिनं झालं, एक गडी घावना व्हय रं ह्या आळीत? मिशा कशाला ठिवल्यात? मळीत गोठा माजा हाय, म्हसरं माजी हायती. होडी जातीया कशी बघती मी.”

ती होडीपाशी येऊन थांबली. नाथाजी तिच्याकडं बघत राहिला.

“आजी, पुरात आणल्यावर तुमी घरी जाऊन काय केलं ते मला ठावं हाय,” तो म्हणाला. सगळ्यांदेखत म्हणाला.

“केलं. लपवत न्हाई मी.”

“आन् आज घरी जाऊन काय करणार?”

म्हातारीनं त्याच्याकडं डोळे वटारले. “ते आजून ठरवलं न्हाई. घरी गेल्याव बघीन. सत्तर वर्साची सवं हाय, एका दिसात जात न्हाई. पर बसणार हाय. बांध.”

का कोण जाणे, नाथाजीला हे उत्तर पटलं. गोड बोलली असती तर पटलं नसतं. त्यानं तिच्या पदरावरून दोर घेतला, डबा बसवला, गाठ मारली, ओढून बघितली. या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत, उलट गाठ नीट बसते का ते वळून वळून बघितलं.

“आजी, स्वखुशीनं बसताय का?”

“खुशीबिशी मला काय कळत न्हाई. कुणी ढकललं न्हाई, पाणी आलं न्हाई, मी माज्या पायानं आले. ह्येला काय म्हंत्यात ते लिवा.”

लालासाहेबांनी लिहिलं. फेरी झाली. म्हातारीनं होडीत बसूनच अंगठा उठवला. पण उतरेल तर शपथ.

“एक कमी हाय न्हवं आजून? मग मी हितंच बसती. होडी न्यायची आसंल तर माज्यासकट गाडीत घाला.” आणि घाटाकडं बघून तिनं हाक मारली, “हिंदुराव! आरं भाऊजींच्या ल्येका, तू सरपंच कशाचा? नुसत्या खुर्चीचा?”

घाट हसला. हिंदुराव हसले नाहीत. त्यांनी एकदा आपल्या आळीकडं पाहिलं, एकदा गाड्यांकडं पाहिलं, पायातल्या वहाणा काढल्या, धोतराचा सोगा वर खोचला आणि पाण्यातून चालत होडीपर्यंत आले. एका फेरीला एकच प्रवासी म्हणून नाथाजीनं बनुबाईला दंडाला धरून उतरवलं, आणि म्हातारी दंड न सोडवता उतरली. हिंदुराव होडीत चढले आणि शिंप्यापुढं उभं राहावं तसे दोन्ही हात वर करून उभे राहिले. नाथाजीनं त्यांच्या छातीभोवती दोर घेतला. दोघांची तोंडं एकमेकांपासून वीतभर होती, आणि एक साठीचा, एक चाळिशीचा, दोघं एकाच गावचे असून इतके जवळ कधी आले नव्हते. त्यानं गाठ मारली आणि अशी ओढून बघितली की सरपंच एक पाऊल पुढं आले.

“स्वखुशीनं बसताय का, सरपंच?”

“व्हय,” हिंदुराव पुटपुटले.

नाथाजीनं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. “सर्वांसमक्ष, आसं लिवल्यालं हाय. हे मलाच नीट ऐकू आलं न्हाई, घाटाला काय जाणार?”

हिंदुरावांनी त्याच्याकडं रागानं पाहिलं. नाथाजीनं नजर काढली नाही. होडी जागेवर हलत होती. मग हिंदुराव घाटाकडं तोंड करून उभे राहिले आणि शेतातल्या गड्याला हाक मारावी एवढ्या मोठ्यानं ओरडले, “मी हिंदुराव! स्वखुशीनं बसलोय! ह्येच्या हातची गाठ हाय, आन् मी स्वखुशीनं बसलोय!”

नाथाजीनं होडी लोटली. भर दुपारचं ऊन होतं, नदीला कमरेएवढं पाणी होतं, आणि बुडायचं भय कुणालाच नव्हतं.